छत्तीस इंचांचा बेड

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आजोबा टपालपेटीपर्यंत पेपर आणायला गेले. अंगणातला बर्फ वितळला आहे, असं त्यांचं मत होतं. बर्फाचं मत वेगळं होतं. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि ऐंशी मैलांच्या परिसरात ज्याला ज्याला हार्लन हे आजोबांचं नाव माहीत होतं त्याने त्याने आमच्या घरी एकेक हॉटडिश, म्हणजे मांस-भाजी एकत्र भाजलेलं जेवण, आणून दिलं. फ्रीजमध्ये बटाट्याच्या गोळ्यांनी झाकलेले अकरा ट्रे होते. मी मोजले.

मंगळवारी सकाळी पुनर्वसन केंद्रातल्या नर्सने आजीला आणि मला समोर बसवून सांगितलं की आजोबांचं हाड ठीक आहे, पण हृदय जरा सुस्त असल्यामुळे ते सपाट झोपले की त्यांना दम लागतो. घरी न्यायचं असेल तर डोक्याची बाजू वर होणारा हॉस्पिटल बेड हवा, आणि तो शुक्रवारी दुपारी बारापर्यंत घरात लागलेला हवा. नाहीतर नव्वद मैलांवरच्या एका वृद्धाश्रमात जागा रिकामी आहे, तिथे त्यांना पाठवावं लागेल.

नव्वद मैल म्हणजे काही जगाचं टोक नव्हे. पण आजी हायवेवर गाडी चालवत नाही, आणि ‘मला जरा तिकडे नेऊन आणतोस का’ असं वाक्य तिने अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणाला उद्देशून उच्चारलेलं नाही. तेव्हा बेड मिळाला तर दोघं एका घरात राहणार होती. नाही मिळाला, तर छप्पन्न वर्षांच्या संसारानंतर त्यांची भेट कुणी आपणहून विचारेल त्या रविवारी होणार होती.

बेडचं काम माझ्याकडे आलं. मी गेल्या मे महिन्यात रसायनशास्त्राची पदवी घेतली, आजी-आजोबांच्या माडीवर राहते आणि तालुक्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत अर्धवेळ काम करते. आमच्या घरात पदवीचा अर्थ असा आहे की टीव्हीचा रिमोट, इंटरनेटचा डबा आणि धूर नसताना ओरडणारं धुराचं यंत्र हे सगळं तुझं खातं. हॉस्पिटल बेड त्याच खात्यात जमा झाला.

त्या संध्याकाळी मी नऊ रकान्यांचा तक्ता केला. हॉस्पिटल बेड तीन प्रकारचे असतात. पहिला हँडल फिरवून हलणारा: स्वस्त, पण फिरवणाऱ्याची पाठ जाते. दुसरा अर्धा विजेवरचा: डोकं आणि पाय बटणावर, पण पूर्ण बेडची उंची हाताने. तिसरा पूर्ण विजेवरचा: सगळंच बटणावर, आणि नवा घेतला तर किंमत अशी की विकत घेणाऱ्यालाच त्यावर झोपावं लागेल. आमच्याकडे सहाशे डॉलर होते. लांबी, रुंदी, वजन, मोटरचा आवाज, कठडे, गादी, असं सगळं मी आजीला वाचून दाखवलं. ती विणत होती.

“रुंदी किती म्हणालीस?” तिने विचारलं.

“छत्तीस इंच. सगळ्यांची तेवढीच असते.”

“हो का.”

“काळजी करू नकोस. दरवाजा तीस इंचांचा आहे, पण बेड सुटा करून आत नेता येतो.”

“बरं झालं,” आजी म्हणाली, आणि विणलेली एक ओळ उसवू लागली.

खरं म्हणजे एवढ्या तक्त्याची गरजच नव्हती, कारण डॉक्टरांनी आधीच्या आठवड्यातच विमा कंपनीकडे चिठ्ठी पाठवली होती आणि कंपनी भाड्याचा बेड फुकट देणार होती. मी फक्त तारीख विचारायला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर ब्रियाना नावाची एक मुलगी फोनवर आली. ती दूर दक्षिणेकडच्या कुठल्यातरी वाळवंटातल्या शहरातून बोलत होती आणि फार गोड होती.

“तुमच्या आजींनी सोमवारी बेड नाकारलाय,” ती म्हणाली.

“शक्यच नाही.”

“संभाषणाची नोंद आहे, मॅडम. वाचून दाखवू का? ‘नको गं बाई, तुम्हाला कशाला एवढा त्रास. आमचं भागतंय. ज्याला जास्त गरज असेल त्याला द्या.’”

मी फोनवर हात ठेवून आजीकडे वळले. “आजी, सोमवारी विमा कंपनीचा फोन आला होता?”

“हो, आला होता ना. किती गुणी मुलगी. बेड देऊ का म्हणत होती.”

“आणि तू नको म्हणालीस?”

“मग काय लगेच हो म्हणू?” आजी चकित होऊन म्हणाली. “एकदाच तर विचारलंय तिने. परत करेल की फोन.”

इथे थोडं शास्त्रीय विवेचन गरजेचं आहे. आमच्या ओस्टरलेक गावात कुणी काही देऊ केलं तर ते पहिल्यांदा नाकारतात. दुसऱ्यांदाही नाकारतात, पण जरा मंद आवाजात. तिसऱ्यांदा विचारल्यावर ‘तुम्ही एवढं म्हणताय तर’ असं म्हणून घेतात. कॉफी, केक, बर्फ उपसायची मदत, मूत्रपिंड, सगळ्याला हाच नियम आहे. दोनदाच विचारणारा माणूस कंजूष आणि पहिल्यांदाच घेणारा माणूस हावरा. वाळवंटातल्या शहरांत हा नियम पोचलेला नाही. तिथे ‘नको’ म्हटलं की एक मुलगी एक कळ दाबते आणि फाईल बंद होते.

“फेरविचाराचा अर्ज करता येईल,” ब्रियाना म्हणाली. “तीस कामकाजाचे दिवस लागतात.”

मी अर्ज केला. ‘नाकारल्याचे कारण’ या चौकटीत मी ‘सभ्यता’ असं लिहिलं. संगणकाने ते स्वीकारलं नाही. यादीतून निवडायचं होतं, म्हणून मी ‘इतर’ निवडलं.

बातमी गावभर पसरायला एक कॉफी पुरली. शेजारचा ड्वेन कुंपणाशी आला. ड्वेनने बत्तीस वर्षं धान्याच्या कोठारावर काम केलं आहे आणि गुरुत्वाकर्षणाशी संबंधित कुठल्याही विषयावर तो स्वतःला अधिकारी समजतो.

“बेडबिड कशाला पाहिजे? त्यांचा आहे तोच पलंग घे, डोक्याकडच्या पायांखाली विटा लाव. झालं काम.”

“तीस अंश चढ लागतो, ड्वेन.”

“मग जास्त विटा लाव.”

मी त्याच्यासमोरच गणित केलं. पलंगाची लांबी ऐंशी इंच, तीस अंशांची ज्या, म्हणजे साइन, अर्धा, म्हणजे डोक्याची बाजू चाळीस इंच वर. विटांचे अठरा थर. त्या उतारावर आजोबा टिकतील की घसरतील हे घर्षणावर अवलंबून होतं. फ्लॅनेलच्या चादरीचा घर्षणगुणांक मला नेमका ठाऊक नव्हता, पण तो शून्य पूर्णांक अठ्ठावन्न शतांशांच्या वर असेल अशी पैज लावून आजोबांना त्यावर झोपवायला मी तयार नव्हते.

“एवढं शिकून विटा पण नाही लावता येत म्हणजे कमाल आहे,” ड्वेन म्हणाला. “बरं, गाडी लागली तर सांग.”

“नको, तुम्हाला कशाला त्रास,” मी म्हणाले. एकदाच. मीही याच गावची आहे.

बुधवारी आजी मला चर्चच्या तळघरात घेऊन गेली. तिथे घडीच्या टेबलांच्या आणि नाताळच्या नाटकातल्या लाकडी मेंढ्यांच्या मागे गावाने साठवलेल्या आजारपणाच्या वस्तू असतात: कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, न्हाणीत बसायची स्टुलं. लागेल त्याने न्यायचं, काम झालं की आणून ठेवायचं. किल्ली लव्हॉनकडे असते. लव्हॉन आजीची चौथीपासूनची मैत्रीण.

कोपऱ्यात चादरीखाली एक बेड होता. हँडलचा, जुना, पण पोलादी. लव्हॉनने चादर काढली आणि एखाद्या घराण्याचा इतिहास सांगावा तसा सांगितला. “हा आधी व्हर्नकडे होता. तो यावरच गेला. मग एल्डनकडे सात महिने, तोही यावरच. मग ग्लॅडिस. ग्लॅडिसला तर फार आवडायचा हा बेड.”

“तिचं काय झालं?” मी विचारलं.

“अगं, ती पण यावरच. पण किती आरामात!”

आजीने गादीवरून हात फिरवला. “पण छत्तीसच इंच ना गं हा?”

“छत्तीसच. दारातून जाईल,” मी म्हणाले.

“घेऊन जा ना, आर्डिस,” लव्हॉन म्हणाली. “पडूनच आहे.”

“छे गं. कुणाला जास्त गरज लागली तर?”

आता माझ्या डोळ्यांसमोर शुक्रवारचे बारा होते. दर फेरीला एक दिवस धरला तर तिसरा प्रश्न शुक्रवारी येणार होता, आणि तोही सकाळी आला तरच. रसायनशास्त्रात अशा वेळी उत्प्रेरक वापरतात.

“हो, नेतो आम्ही,” मी म्हणाले. “आजच नेतो. आभारी आहोत.”

 लाकडी मेंढ्यासुद्धा माझ्याकडे बघत होत्या. आजीच्या मानेपासून कपाळापर्यंत एक लाली चढत गेली आणि तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

“सिग्ने मस्करी करतेय, लव्हॉन,” ती म्हणाली.

“हो ना, मला वाटलंच!” लव्हॉनने सुटकेचा श्वास सोडला. “ही पहिल्यापासून अशीच गमतीशीर.”

दोघी हसल्या आणि आम्ही रिकाम्या हातांनी वर आलो. गाडीत आजीने तीन चौक जाऊ दिले. मग म्हणाली, “ती अजून दोनदा विचारणार होती.”

“कधी, आजी? शुक्रवारी बारापर्यंत बेड लागलेला हवा.”

“घाई दाखवली की समोरच्याला दडपण येतं.”

“आणि आजोबा नव्वद मैलांवर गेले तर?”

तिने पर्सची चेन उघडली आणि बंद केली, पुन्हा उघडली. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या लाजेवरचा माझा राग तिथेच उतरला. ज्या बाईला स्वतःसाठी पाणी मागता येत नाही, ती नवऱ्यासाठी बेड मागू शकत नव्हती, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

म्हणून मी स्वतःच बेड विकत घ्यायचं ठरवलं. चाळीस मैलांवरच्या एका शेतकऱ्याची जाहिरात होती: पूर्ण विजेवरचा, तीन वर्षं वापरलेला, चारशे पन्नास डॉलर. गुरुवारी सकाळी ड्वेनने गाडीबद्दल दुसऱ्यांदा आणि लगेच तिसऱ्यांदा विचारलं (एकाच दमात, प्रसंग ओळखून वागणारा माणूस आहे), आणि आम्ही निघालो.

शेतकरी एकटाच राहणारा म्हातारा होता. बेड त्याच्या बायकोचा. त्याने सगळी बटणं दाबून दाखवली, मग खिशात हात घालून छताकडे बघत म्हणाला, “चारशे पन्नास लिहिलेत, पण तीनशे द्या.”

मी पाकीट उघडलं.

“तीनशे फार कमी होतात,” ड्वेन म्हणाला.

“अडीचशे पण चालतील,” म्हातारा म्हणाला.

“छे छे. निदान चारशे तरी घ्या.”

“सव्वातीनशे. त्यावर एक छदाम नाही.”

“पावणेचारशे, आणि आता वाद नको,” ड्वेनने मोठ्या आवाजात सांगितलं आणि हात पुढे केला. माझ्याच बाजूच्या माणसाकडून मी सव्वाशे डॉलरना हरले. परतीच्या वाटेवर तो भलताच खूश होता. “बरा वाकवला की नाही त्याला?”

दुपारी आम्ही बेडचे पाच तुकडे बैठकीच्या खोलीत नेले आणि मी सूचनापुस्तिकेनुसार ते जोडले. पुस्तिकेतलं चित्र कुठल्या बाजूने काढलंय हे त्यात लिहिलेलं नव्हतं, एवढंच मी बचावादाखल सांगते. ड्वेन चाचणीसाठी झोपला. मी ‘डोकं वर’ हे बटण दाबलं. ड्वेनचे पाय वर जाऊ लागले.

“थांबव,” तो शांतपणे म्हणाला.

मी ‘डोकं खाली’ दाबलं. बटण अडकलं होतं. पाय आणखी वर गेले. ड्वेनच्या खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या, पेचकस आणि दोन वर्षांपूर्वीचा मासेमारीचा परवाना त्याच्या हनुवटीपाशी जमा झाला. मी तार उपटली तेव्हा तो कमरेपासून वर पूर्ण सपाट आणि खाली जवळजवळ उभा होता.

“कसं वाटतंय?” आजीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

“वेगळं आहे,” ड्वेन म्हणाला. आमच्या गावात ‘वेगळं’ या शब्दाने घरं, सुना आणि पास्टरची प्रवचनं कायमची निकालात निघालेली आहेत. मला फार लागलं.

दोन्ही मोटरी काढून अदलाबदल करेपर्यंत चार वाजले. बेड नीट चालू लागला. मी आजीला बोलावलं. तिने बेडभोवती एक फेरी मारली, कठडा वर केला, खाली केला.

“छान आहे,” ती म्हणाली. “छत्तीस इंच म्हणजे एकाच माणसाचा.”

“हो, पेशंटचाच असतो तो.”

“हो ना.” ती खिडकीपाशी गेली आणि पडदा सरळ असूनही सरळ करत राहिली. मी तिला तक्त्यात शेवटची नोंद दाखवली. नऊच्या नऊ रकान्यांत बरोबरची खूण होती. एवढ्या तयारीनंतरही तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता, त्याचं कारण मी मोटरच्या आवाजात शोधत बसले. तो आवाज मी फोनवर मोजलासुद्धा. सत्तेचाळीस डेसिबल. मुळीच जास्त नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता दारात एक ट्रेलर थांबला. लव्हॉन, पास्टर आणि चर्चचा बेड.

“मी काही ऐकणार नाही, आर्डिस,” लव्हॉन पायऱ्यांवरूनच म्हणाली. “तिसऱ्यांदा विचारतेय.”

“दुसऱ्यांदा कधी विचारलंस?” मी म्हणाले.

“काल सकाळी, फोनवर.”

मी आजीकडे पाहिलं.

“तू बेड आणायला गेली होतीस,” आजी म्हणाली. “सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं.” मग लव्हॉनकडे वळून, “तू एवढं म्हणतेस तर...”

आणि अशा रीतीने तिसऱ्या विचारण्याला नाही म्हणता येत नाही म्हणून, गरज नसलेला एक पोलादी बेड आमच्या बैठकीच्या खोलीत आला. व्हर्न, एल्डन आणि ग्लॅडिस यांच्या आठवणींसकट तो भिंतीशी उभा राहिला. सोफा व्हरांड्यात गेला. पास्टरने कॉफी दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतली.

पावणेबाराला मी नर्सला बेडचा फोटो पाठवला. सव्वा वाजता केंद्राच्या गाडीतून आजोबा उतरले. वॉकर पुढे सरकवत, दर चार पावलांनी दम घेत ते दारातून आत आले आणि थांबले. खोलीत आम्ही सगळे उभे होतो. त्यांनी पहिला बेड बघितला. दुसरा बेड बघितला. मग आजीकडे बघितलं, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, बराच वेळ.

“हा मी चर्चमध्ये परत टाकून येतो, हार्लन,” ड्वेन दोरी उचलत म्हणाला. “चुकून दोन झाले.”

“चांगला बेड आहे,” आजोबा म्हणाले. “आर्डिस, तू यावर झोप.”

“मी?” आजी म्हणाली. “मला काय धाड भरलीय? आतला पलंग आहे की माझा.”

“तुझी पाठ दुखते.”

“काही नाही दुखत. आणि दुसऱ्या कुणाला लागला म्हणजे?”

माझं तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, ‘हो, ती झोपेल’ हे शब्द दातांपर्यंत आले होते. कारण त्या क्षणी मला छत्तीस इंच कळले. आजीने तीनदा रुंदीचा विषय काढला होता आणि मी दोनदा दरवाजाबद्दल आणि एकदा पेशंटबद्दल उत्तर दिलं होतं. आतला पलंग चोपन्न इंचांचा होता, दोघांचा, आणि नऊ रकान्यांच्या माझ्या तक्त्यात ती कुठे झोपणार याला एकही रकाना नव्हता. पण ड्वेनने पुढे होऊन माझ्या हातात लिंबाच्या वडीचं ताट दिलं, आणि मी एक वडी तोंडात घालून ते बंद केलं.

आजोबांनी वॉकरवर दोन्ही हात टेकले. त्यांना बोलायला श्वास जमवावा लागत होता. 

“आर्डिस,” ते म्हणाले, “झोपून तर बघ.”

“बरं,” आजी म्हणाली. “तू एवढं म्हणतोस तर.”

ड्वेनने दोरी खाली ठेवली. लव्हॉनला अचानक स्वयंपाकघरात काम आठवलं, पास्टरलाही. मी आणि ड्वेनने दोन्ही बेड एकमेकांना लावले आणि मधले कठडे काढून टाकले. तरी चार इंचांची फट राहिली. ती आजीने एक रजई गुंडाळून बुजवली. एकूण शहात्तर इंच. पूर्वीपेक्षा बावीस जास्त, आणि मला त्याचं काडीचंही श्रेय नाही.

पुढच्या बुधवारी फोन वाजला. आजीने उचलला आणि मला दुसऱ्या फोनवर ऐकायची खूण केली.

“तुमचा अर्ज वाचला, मॅडम,” ब्रियाना म्हणाली. “मी वरिष्ठांशी बोलून आधीच मंजूर करून घेतलाय. बेड पाठवू का?”

“नको गं बाई. ज्याला जास्त गरज असेल त्याला द्या.”

 “मॅडम, नक्की ना? मी परत विचारू का?”

“नको, खरंच नको. आता आमच्याकडे दोन आहेत.” आजीला त्या मुलीची दया आली असावी. “एवढी खटपट केलीस माझ्यासाठी. कधी या बाजूला आलीस तर कॉफीला ये हो.”

“अय्या, नक्की येईन! मला खूप आवडेल!”

आजीने फोन खाली ठेवला आणि काही क्षण ती त्याच्याकडे बघत राहिली.

“पहिल्याच वेळी हो म्हणाली,” ती आजोबांना म्हणाली.

“काय सांगतेस?” आजोबांनी बटण दाबून डोकं वर घेतलं. त्यांना हे नीट बसून ऐकायचं होतं.

“मग सांगते काय! एकदाच विचारलं मी.” मग तिने माझ्याकडे वळून हँडलकडे बोट केलं. तिचा बेड त्यांच्या बेडच्या पातळीला यायला बावीस वेढे लागतात. ते फिरवून दे असं तिने मला कधीच म्हटलेलं नाही, आणि त्या दिवशीही म्हणाली नाही. फक्त बोट केलं. आमच्या घरात ही फार मोठी मागणी आहे. मी वेढे मोजायला सुरुवात केली.